‘वाद घालू नकोस’ म्हणण्याआधी

जर्मनीतल्या मराठी घरांत मुलांना ‘वाद घालू नकोस’ असं सहज सांगितलं जातं. त्याच मुलांना शाळेत वाद करायला शिकवतात आणि त्याचे गुणही देतात. माध्यमिक शाळेत जर्मन भाषेच्या तासाला ‘एरोर्टरुंग’ नावाचा निबंध लिहावा लागतो. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचे तीन भाग: बेहाउप्टुंग म्हणजे विधान, बेग्र्युंडुंग म्हणजे कारण, बाइश्पील म्हणजे उदाहरण. दोन्ही बाजू मांडायच्या असल्या तर वाळूच्या घड्याळाची रचना वापरतात. आधी विरुद्ध बाजू, तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा पहिला आणि लेचापेचा शेवटी. मग आपली बाजू, लेच्यापेच्यापासून भक्कमाकडे. निबंध फसतो तो बहुधा उदाहरणालाच कारण समजल्यामुळे. ‘शेजारच्या मुलाला मोबाइलमुळे चष्मा लागला’ एवढ्याने सर्वांच्या मोबाइलबंदीचं कारण मिळत नाही.

विधान, कारण, उदाहरण. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, हेच प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण. पुढे उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणं) आणि निगमन (निष्कर्ष) धरून पाच अवयव, म्हणजे भाग, होतात. डोंगरावर आग आहे; कारण धूर दिसतो; जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. उदाहरणाला नियम जोडलेला आहे, हे इथे महत्त्वाचं.

या शास्त्राचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकारही वेगळे केले आहेत. वादात दोघेही आपापला पक्ष मांडतात, प्रमाण आणि तर्क वापरतात, आणि उद्देश खरं काय ते कळावं हा असतो. असा वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी यांच्याशी करावा, असं सांगितलं आहे. म्हणजे वाद हे आदराच्या नात्यातलं काम होतं! जल्पात जिंकण्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडा त्याच्याही पुढची: समोरच्याचं खोडायचं, पण स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही. सूत्रकार या दोन्हींना सरसकट टाकाऊ मानत नाहीत. रोपाभोवती काटेरी कुंपण असावं, तसा त्यांचा उपयोग सांगतात.

मराठीत यातलं काय उरलं? वाद घातला जातो, उकरून काढला जातो, चिघळतो, आणि शेवटी मिटवला जातो. ‘वादग्रस्त’ हा तर ठपकाच झाला. ‘युक्तिवाद’ वकिलांकडे गेला. ‘हुज्जत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पुरावा; आपल्या बातम्यांत मात्र ती वाहतूक पोलिसाशी घातली जाते. जर्मन ‘श्ट्राइट’ शब्दालाही भांडणाचा वास आहेच, पण त्याच शब्दाला ‘कुल्टूर’ जोडून ‘श्ट्राइटकुल्टूर’, म्हणजे मतभेद नीट हाताळण्याची रीत, असा शब्द तिथे रुळला आहे. आपल्याकडचा ‘वादसंस्कृती’ कानाला अजून परकाच लागतो.

याची किंमत महाराष्ट्राने 2025 मध्ये मोजली, असं मला वाटतं. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि 29 जूनला हे दोन्ही निर्णय रद्द झाले. निर्णय मागे घेणं योग्यच होतं. पण सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या लिपीचा नाही तरी तिसऱ्या भाषेचा किती भार पडतो, शिकवणार कोण, तास कुठल्या विषयाचे कापणार, हे प्रश्न प्रतिज्ञा आणि हेतूच्या पायरीवर फार थोड्यांनी नेले. बाकी बरंचसं ‘तू कोणाच्या बाजूचा’ यातच गेलं. परदेशी राहणाऱ्यांनी तर ‘तुमची मुलं कुठे मराठी शिकतात’ एवढंच ऐकलं. तो प्रश्न रास्त आहे, पण धोरणाचं उत्तर त्यात नाही.

सुरुवात घरातून करता येईल. मूल प्रतिप्रश्न करतं तेव्हा ‘वाद घालू नकोस’ऐवजी ‘कारण सांग’ म्हणावं. नुसतंच खोडत असेल तर ‘मग तुझं म्हणणं काय?’ असं विचारावं. आवाज चढला असेल तर तेवढंच सांगावं: हळू बोल.