शहाबादी म्हणजे आपला काळा दगड नव्हे

लेखात शहाबादी फरशीला 'सह्याद्रीच्या काळ्या दगडाचीच बहीण' म्हटलंय, ते काही पटलं नाही. आपल्या ठाण्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. शहाबादी हा चुनखडक. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसून झालेला, आणि वयाने लाव्ह्याच्या कितीतरी पट म्हातारा. थरांमुळेच तो खाणीत पापुद्र्यासारखा सपाट सुटतो. बेसॉल्ट असा सुटत नाही, म्हणून त्याचे चिरे होतात, फरशा नाहीत. शिवाय शहाबाद मुंबई-रायचूर रेल्वेमार्गावरच, त्यामुळे माल इकडे यायला सोपा.

खात्री करायची तर फरशीवर लिंबू पिळा. चुनखडक असेल तर बारीक फेस येतो. ओट्याचा काळा कडप्पासुद्धा चुनखडकच (तो आंध्रातला). आमच्या नौपाड्यातल्या जुन्या घरी आईने कोकमं रात्रभर ओट्यावर ठेवली होती, तिथे पॉलिश जाऊन बशीएवढा पांढुरका डाग पडला. तो शेवटपर्यंत गेला नाही. बाथरूमच्या फरशीवर अ‍ॅसिड ओतणाऱ्यांनी हे जरूर वाचावं!

इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा फरशा उपटताना पाहिल्या. वरून पायांनी गुळगुळीत झालेली राखाडी, खालून खडबडीत, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. दोन मागून घेतल्या. एकीवर आता गॅलरीत तुळस आहे.