ग्रीसनं 'कर्ज फेडायचं का?' असं विचारलंच नव्हतं

एक संदेश पुन्हा फिरायला लागलाय. त्याचा गोषवारा असा: २०१५ साली ग्रीसच्या सरकारनं जनतेला एका ओळीत सरळ विचारलं की परक्यांचं कर्ज फेडायचं की नाही, जगातला सर्वांत निष्पक्ष प्रश्न तो, लोक 'नाही' म्हणाले, कर्ज बुडीत खात्यात गेलं आणि देश मोकळा झाला, आपल्याकडे मात्र जनतेला असं कुणी कधी विचारलंच नाही.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यानं हे जसंच्या तसं सरावाच्या निबंधात उतरवलं आणि वर विचारलं, "मामा, उदाहरण कसं वाटलं?" उदाहरण टाकाऊ आहे. आणि ते एकट्या त्याच्याच वहीत गेलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी तो प्रश्न. ५ जुलै २०१५ च्या मतपत्रिकेवर जे छापलं होतं ते मराठीत साधारण असं येईल: युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जून २०१५ रोजी युरोगटाच्या (युरो चलन वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या) बैठकीत सादर केलेला, दोन भागांचा मिळून एकच प्रस्ताव असलेला कराराचा मसुदा स्वीकारावा का? त्यापुढे दोन्ही दस्तऐवजांची नावं. पहिला, 'चालू कार्यक्रमाची पूर्तता व त्यापुढील सुधारणा'. दुसरा, 'कर्ज पेलण्याच्या क्षमतेचं प्राथमिक विश्लेषण'. खाली दोन पर्याय: वर 'नामंजूर/नाही', त्याखाली 'मंजूर/होय'.

ही एक ओळ? आणि यात 'फेडायचं की नाही' कुठे आहे? कर्ज हा शब्द येतो तोच मुळी दुसऱ्या दस्तऐवजाच्या नावात. मतदाराला विचारलंय ते पुढच्या मदतीच्या, म्हणजे याच संस्थांकडून मिळणाऱ्या कर्जाच्या, अटींबद्दल, आणि त्यातली एकही अट मतपत्रिकेवर नाही. निवृत्तीचं वय ६७ वर नेणं, हॉटेलातल्या जेवणावर २३ टक्के व्हॅट, गरीब निवृत्तिवेतनधारकांचा पूरक भत्ता टप्प्याटप्प्यानं बंद करणं, हे सगळं त्या तांत्रिक कागदांच्या पोटात. मतदारानं ते शोधायचे, वाचायचे, समजून घ्यायचे. किती दिवसांत? पंतप्रधान सिप्रास यांनी सार्वमताची घोषणा केली २६ जूनच्या मध्यरात्रीनंतर, संसदेची मंजुरी आली २८ जूनच्या पहाटे आणि मतदान ५ जुलैला. म्हणजे जेमतेम आठवडाभर.

पण खरा विनोद पुढेच आहे. ग्रीसचा चालू मदत कार्यक्रम ३० जूनला संपत होता. मुदतवाढ द्यायला युरोगटानं २७ तारखेलाच नकार दिला. ३० ला कार्यक्रम संपला, नाणेनिधीचा दीड अब्ज युरोंहून मोठा हप्ता थकला. ज्या कार्यक्रमाच्या 'पूर्तते'साठीचा तो कागद होता, तो कार्यक्रमच मतदानाच्या पाच दिवस आधी संपलेला होता. शिवाय २५ तारखेनंतर मसुद्यात आणखी बदल झाले होते आणि ती सुधारित प्रत आयोगानं २८ जूनला जाहीरही केली होती. मतपत्रिका २५ तारखेलाच चिकटून राहिली. बाजार उठल्यावर काल लागलेली बोली मान्य आहे का, असं शेतकऱ्याला विचारण्यातला हा प्रकार. हो म्हणा किंवा नाही म्हणा, त्या भावात घेणारा कुणी उभाच नाही.

आता 'निष्पक्ष'. हे मी माझ्या मनानं ठरवत नाही. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगानं, म्हणजे घटनात्मक बाबींवर सल्ला देणाऱ्या तिच्या तज्ज्ञ मंडळानं, २००७ साली सार्वमतांसाठी एक आचारसंहिता केली आहे. (ही परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे. ती मानवाधिकार आणि लोकशाहीसाठीची वेगळी संघटना आहे, ग्रीसही तिचा सदस्य आहे आणि कर्जवसुलीशी तिचा संबंध नाही. 'सावकारांनीच ठरवलेले नियम' हे उत्तर येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो.) त्या संहितेचं म्हणणं साधं आहे: प्रश्न स्पष्ट हवा, दिशाभूल करणारा नको, उत्तर सुचवणारा नको, आणि कौलाचा परिणाम काय होईल हे मतदाराला कळलेलं हवं. मजकूर किमान दोन आठवडे आधी लोकांच्या हातात असावा, अशीही परिषदेची अपेक्षा असते. परिषदेचे तेव्हाचे सरचिटणीस थोरबियर्न यागलांड यांनी मतदानापूर्वीच जाहीरपणे सांगितलं होतं की मुदत फार थोडी आहे, प्रश्न पुरेसा स्पष्ट नाही आणि हे सार्वमत अपेक्षित निकषांत बसत नाही.

यातली परिणामांची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'नाही' म्हटलं तर काय होणार? सरकार म्हणत होतं, वाटाघाटीत आमचा हात बळकट होईल. युरोपातले नेते म्हणत होते, हा युरोपलाच नकार ठरेल. मतपत्रिका गप्प. एकाच खुणेचे दोन अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं लावले आणि मतदाराला मधे उभं केलं.

म्हणजे खोट एकट्या सिप्रास यांच्याच बाजूला नव्हती. 'होय म्हणजे युरो, नाही म्हणजे ड्राख्मा (ग्रीसचं जुनं चलन)' हा प्रचारही मतपत्रिकेवर नसलेलाच प्रश्न विचारत होता. आणि नाइलाजानं हेही मान्य करतो की सार्वमत बेकायदा नव्हतं. ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्याविरुद्धचा अर्ज ३ जुलैला फेटाळला. 'नाही' वर छापल्यानं निकाल फिरला असंही म्हणता येणार नाही, ६१.३ टक्के 'नाही' देशाच्या सगळ्या विभागांत आलं. लोकांना खर्चकपात नको होती, ते त्यांनी प्रश्न कसाही असला तरी सांगितलं. संदेशात खरं असलेलं एवढंच.

'कर्ज बुडीत खात्यात गेलं, देश मोकळा झाला.' हा मात्र निव्वळ घातक खोटेपणा आहे, कारण हे वाचून माणसं आपापल्या कर्जाबद्दलही काहीबाही ठरवतात. २९ जूनपासून बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. ते काढायला लोक रांगेत उभे होते. निकालानंतर दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री व्हारुफाकिस यांनी राजीनामा दिला. १३ जुलैला, म्हणजे कौलाला आठ दिवस होतात न होतात तोच, सिप्रास यांनी ब्रुसेल्समध्ये तिसऱ्या मदतीचा करार मान्य केला: ८६ अब्ज युरोंपर्यंतचं नवं कर्ज. सरकारी मालमत्तांसाठी ५० अब्जांचं लक्ष्य असलेला खासगीकरण निधी त्यात होता. जेवणावरचा २३ टक्के व्हॅट २० जुलैपासून लागूसुद्धा झाला. नाणेनिधीचा थकलेला हप्ता त्याच दिवशी चुकता झाला, तोही दुसरं तात्पुरतं कर्ज काढून. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या तोंडाला अशी पानं पुसली गेली. मदत कार्यक्रमातून ग्रीस बाहेर पडला ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि नाणेनिधीचं उरलेलं कर्ज त्यानं २०२२ मध्ये मुदतीआधीच फेडून टाकलं. याला बुडवणं म्हणतात? खासगी रोखेधारकांना निम्म्याहून जास्त दर्शनी रकमेवर पाणी सोडावं लागलं होतं हे खरं, पण ते २०१२ मध्ये, वाटाघाटीतून. सार्वमताच्या तीन वर्षं आधी.

राहिलं 'आपल्याकडे कुणी कधी विचारलंच नाही'. कर्जाबद्दल नसेल विचारलं. पण १९४८ मध्ये जुनागढला विचारलं, १९७५ मध्ये सिक्कीमला विचारलं. (सिक्कीममध्ये चोग्यालपद, म्हणजे तिथलं राजेपद, रद्द करणं आणि भारतात सामील होणं या दोन गोष्टी एकाच होय-नाहीत बांधल्या होत्या. त्या शब्दरचनेवर वेगळं लिहावं लागेल.) आणि मराठी माणसानं तरी १६ जानेवारी १९६७ विसरू नये. गोव्यात विचारलं होतं की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. त्यासाठी संसदेनं १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि सत्तेत राहून कौल घेतल्याचा आरोप नको म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांचं मंत्रिमंडळ मतदानापूर्वी पायउतार झालं. प्रचारात दोन्हीकडून वाटेल ते बोललं गेलं. पण फुलावर शिक्का मारला तर काय होईल आणि पानांवर मारला तर काय, हे अक्षरओळख नसलेल्यालाही माहीत होतं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली, आणि गोवा केंद्रशासितच राहिला.