अर्धंच पटलं

'गाणं गुरुमुखातूनच येतं, पुस्तकातून नाही' हे लेखातलं म्हणणं पटलं, पण अर्धंच. संगीत अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांच्या काळात गायकांच्या घराण्यातली चीज (बंदिश, म्हणजे रागात बांधलेली गाण्याची रचना) म्हणजे तिजोरीतला दागिना. पोटच्या पोराला द्यायची, नाहीतर सोबत घेऊन जायची. या वकील माणसाने गावोगाव फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्या गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या 6 भागांत छापून टाकल्या. घ्या, कोणीही गा!

आमच्या आत्याकडे त्यातला एक भाग होता, पाठीला खाकी कागद डकवलेला. त्यात सुरांच्या खुणा: कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकातल्या स्वराला) खाली टिंब, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली. त्यावरून यमन रागातली एक बंदिश मी महिनाभर पेटीवर बसवली आणि ऐटीत तिला ऐकवली. ती म्हणाली, "सगळं बरोबर आहे रे, आता गा." मग तिने नुसता मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, म्हटला. तीव्र मध्यमावर (चढ्या 'म'वर) जरा रेंगाळली, आणि ते रेंगाळणं कुठल्याच खुणेत नव्हतं. (इथे लेखक जिंकले.)

पण बंदिश आमच्या घरात आली ती पुस्तकातूनच ना? परवा भाचीला फोनवर शिकवायला बसलो, तर पहिलं वाक्य, "मामा, आधी पानाचा फोटो पाठव."