वीज कचऱ्याच्या डब्यात चाललीये आणि कोणालाच पडलेली नाहीये

डोकं फिरलंय माझं. परत कोणीतरी सुक्या कचऱ्याच्या डब्यात अर्धवट खाल्लेलं ताट उपडं केलंय. खाली धुऊन वाळवून ठेवलेले कॅन, दाबून चपटे केलेले पुठ्ठे, कागद, सगळ्यावर तेलकट चिकट घाण. विचारलं तर उत्तर काय, "अगं काय फरक पडतो, शेवटी सगळं एकाच ठिकाणी जातं". आणि हे बोलणारी माणसं कोण, तर रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिला की अख्खं घर डोक्यावर घेणारी. वीज वाचवा, वीज वाचवा. अरे वीज फक्त स्विचमधून जाते का? समोर डब्यात ढिगानं वीज पडलीये, ती तुम्हाला दिसत नाही कारण तिचं बिल तुमच्या नावावर येत नाही, एवढंच.

काय फरक पडतो ते आता ऐकाच. ॲल्युमिनियमचा कॅन घ्या. खाणीतून बॉक्साइट काढायचं, त्यापासून अल्युमिना नावाची पांढरी भुकटी करायची, मग साधारण ९५० डिग्रीला वितळलेल्या रसायनात ती टाकून त्यातून वीज सोडायची तेव्हा कुठे धातू सुटा होतो, आणि या शेवटच्या पायरीलाच किलोमागे १३ ते १५ युनिट वीज लागते. तोच कॅन परत वितळवला तर यातली जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते. पंच्याण्णव! एक कॅन १४ ग्रॅमचा धरला तर नव्याने बनवायला साधारण ०.२ युनिट, म्हणजे ९ वॉटचा एलईडी दिवा २० तास लावून ठेवल्यासारखं आहे ते. दिवा १० मिनिटं जास्त राहिला तर बोलता आणि कॅन उष्ट्यात फेकताना हात जरासुद्धा अडत नाही, याला काय म्हणायचं मी?

कागदाचं तर अजून वाईट. कागद रिसायकल करताना आधी पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. धूळ, शाई, स्टेपलरच्या पिना, सगळं कसंतरी वेगळं काढता येतं, पण तेल त्या तंतूंना धरून बसतं आणि नवा कागद डागाळतो, कमजोर होतो. म्हणून तेल लागलेला पुठ्ठा तिथून बाहेरच काढतात. तो एकटा गेला असता तरी ठीक होतं, पण पिशवीत तो सगळ्यांना चिकटतो, त्यामुळे एका ताटाने आठवडाभराचा चांगला कागद मातीत. ज्याने ताट उलटं केलं त्याला दोन पावलं वाचली.

आणि मुळात ते ताट अर्धवट का टाकलं? संताप याचाच जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत, त्या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरातून. हॉटेलं नाहीत, दुकानं नाहीत, आपली घरं! माणशी वर्षाला ७९ किलो. त्या अन्नाला नांगरणी लागली, खत लागलं, पाण्याचे पंप चालले, ट्रक धावले, फ्रीजमध्ये चार दिवस गारवा लागला, शिजवायला गॅस लागला, आणि एवढं सगळं झाल्यावर "आता नको झालंय" म्हणून डब्यात. ताटात कमी घ्या ना यार, हवं तर परत घ्या, कोणी अडवलंय? उरलेलं झाकून ठेवलं की आतल्या आत सरकवत सरकवत फ्रीजच्या मागच्या भिंतीला नेऊन विसरायचं आणि बुरशी आली की नाक धरून टाकायचं, हे काही अन्न जपणं नाही, फक्त टाकायचा दिवस पुढे ढकलणं आहे. जुनं पुढे ठेवा, नवं मागे, याला अक्कल लागते का?

टाकल्यावर ते कुठे जातं हे पण कोणाला नको असतं. कचऱ्याच्या डोंगराखाली दाबलं गेलं की हवा मिळत नाही, मग ते कुजताना मिथेन सुटतो, आणि २० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास जास्त उष्णता धरतो. तोच ओला कचरा वेगळा ठेवला तर बंद टाकीत कुजवून तोच मिथेन पकडून इंधन म्हणून जाळता येतो, किंवा हवा खेळती ठेवून साधं खत करता येतं आणि मिथेन जवळजवळ होतच नाही. फरक फक्त कुठल्या डब्यात टाकलं एवढाच. "जाळून वीज करतात ना सगळ्याची" म्हणणारेपण भेटतात मला. ओला कचरा म्हणजे बहुतेक पाणी, भट्टीतली अर्धी उष्णता ते पाणी उडवण्यातच घालवायची का?

बरं, घरच्यांवर ओरडून झालं, पण ज्यांनी हा कचरा आपल्या दारात आणून टाकला त्यांचं काय? हातभर खोक्यात बोटभर वस्तू. खोक्यात खोकं, त्यात फुगवलेल्या पिशव्या, त्यात परत एक पाकीट, आणि ते पाकीट कशाचं तर आत चंदेरी थर, वर छपाईवालं प्लॅस्टिक, मध्ये अजून काहीतरी, सगळं एकमेकाला असं चिकटवलेलं की सुटं करणं जवळजवळ अशक्य. माल ताजा राहतो त्याने, मान्य आहे. पण ते परत वापरात आणायची सोयच नसेल तर मी धुऊन पुसून वाळवून कुठे नेऊ? आणि वर तळाशी तो त्रिकोण! बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा. लोकांना वाटतं ही वस्तू रिसायकल होते. तसं काही नसतं! त्या १ ते ७ आकड्यांनी फक्त प्लॅस्टिकचा प्रकार कळतो, बाकी काही नाही. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ते आणलं, लोकांची फसगत होते म्हणून २०१३ मध्ये मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला, तरी वस्तूंवर बाण अजून आहेतच. जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के खरंच रिसायकल होतं असं ओईसीडीचा, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचा, अहवाल सांगतो. म्हणजे आपण घरी बसून आकडे बघत पाकिटं निवडतोय आणि त्यातलं बहुतेक पुरलं नाहीतर जाळलं जातंय. अशावेळी घरातला कोणी "काय फरक पडतो" म्हणाला की मला त्याच्यापेक्षा या कंपन्यांचाच राग येतो, कारण त्याला हे म्हणायची संधी त्यांनीच दिली.

रिपेअरिंगचा विषय तर काढूच नका. आमचा एक छोटा स्पीकर, आवाज मस्त, सगळं मस्त, फक्त बॅटरी गेली. उघडायला स्क्रू नाहीत, आत बॅटरी गोंदाने चिकटवलेली, कंपनीला विचारलं तर म्हणे नवीन घ्या, यावर डिस्काउंट आहे. एका सेलसाठी अख्खी वस्तू फेकून द्यायची? फोनसारख्या वस्तूत तर आयुष्यभराच्या चार्जिंगपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा तो बनवतानाच खर्च झालेली असते, म्हणजे दोन वर्षं जास्त वापरणं हीच सगळ्यात मोठी बचत, आणि नेमकी तीच करू देत नाहीत. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झालेला चौथा हिस्सापण नाही. आणि मनावर घेतलं तर होतं हो सगळं! युरोपियन युनियनने कायदा केला आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर फोन, टॅब्लेट, हेडफोन सगळ्यांना यूएसबी-सी हे एकाच प्रकारचं चार्जिंग पोर्ट बंधनकारक झालं. इतकी वर्षं जमत नव्हतं ते कायदा आल्यावर बरोबर जमलं. मग बॅटरी घरी बदलता येईल अशी का नाही बसवत?

आणि ती फुगलेली, मेलेली बॅटरी प्लीज प्लीज कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. गाडीत दाब बसला की लिथियमची बॅटरी पेट घेते, कचऱ्याच्या गाड्यांना आणि निवडायच्या केंद्रांना अशाने आगी लागतात, आणि तिथे हाताने निवडणारी माणसं उभी असतात. तुमचा ओला-सुका एकत्र केलेला राडापण तीच माणसं हाताने उपसतात, काचा लागतात त्यांना, सुया टोचतात. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर लिहायला किती वेळ लागतो?

मी डबे परत वेगळे केलेत, झाकणांवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पुठ्ठ्यांसाठी तिसरी जागा केलीये. यापुढे ज्याने ताट चुकीच्या डब्यात उलटं केलं त्यानेच हात घालून निवडायचं, पाहुणा असला तरी.