तो सूर्यास्त नाही, धूर आहे

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लालबुंद सूर्याचा फोटो पडला. खाली ओळ, 'म्हसरूळचा सूर्यास्त, आपलं नाशिक!' त्यावर बदामांचा पाऊस. अहो, चामरलेणीचा डोंगर पेटलाय! सूर्य लाल दिसतोय तो धुरातून. वर माणसं आहेत, एवढंच मी लिहिलं. उत्तर आलं, "फॉरेस्टवाले बघतील की."

फॉरेस्टवाले म्हणजे कोण, माहितीये? दोन वनरक्षक, चार-पाच वनमजूर, हातात ओल्या फांद्या, तोंडाला रुमाल. नशीब असेल तर एखादा ब्लोअर.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही तिघं मित्र हौसेने अंजनेरीच्या उतारावर वणवा झोडपायला गेलो होतो. सोबत एक म्हातारे वनमजूर होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. आम्ही आगीकडे बघत होतो, बाबा मात्र सारखे धुराकडे. मध्येच ओरडले, "धूर निजला! काळ्यात या, काळ्यात!" धूर निजला म्हणजे उभा धूर आडवा झाला, वारा फिरला; काळं म्हणजे जळून गेलेली जागा. मी शहाणा, उलट खाली न जळलेल्या गवतातून पळायला निघालो. बाबांनी शर्टाला धरून मागे ओढलं. बुटांचे तळवे चिकटायला लागले, मी शिव्या घातल्या (हो, त्यांनाच). तेवढ्यात मी जिथून जाणार होतो तिथून आग सरसर वर गेली.

पुढे याबद्दल वाचायला लागलो तेव्हा पोटात गोळा आला. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ३० जून २०१३ला आग विझवणाऱ्या वीस जणांच्या तुकडीतले एकोणीस जण वणव्यात गेले. तेही आधी काळ्यातच होते, तिथून निघून खाली उतरत होते. वादळी ढगांमुळे वारा फिरला आणि आग त्यांच्यावर आली. त्यांच्या शर्टाला धरायला बाबा नव्हते.

बाबा डोळ्यांनी करत होते तेच आता यंत्राने करता येतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या विद्यापीठातले लोक लेसरचं यंत्र गाडीवर चढवून वणव्याजवळ नेतात. झोत धुराच्या कणांवर आपटून परत येतो. धूर किती उंच गेलाय, आत वारा कुठून कुठे आणि किती जोराने ओढतोय, सगळं त्यावरून कळतं. आग हवा आत खेचते आणि धुराचा खांब उभा राहतो. तो कोसळला की वरची हवा खाली आपटून चहूकडे पसरते, आगीलाही घेऊन जाते. २०१८मध्ये तिथल्याच रेडिंग शहराजवळ तर आगीची वावटळ उठली, वारा ताशी २३० किलोमीटर. रडारवर धूर बारा किलोमीटरच्या आसपास चढलेला दिसला. म्हणजे नऊ अंजनेऱ्या एकीवर एक. त्या दिवशी आगीशी लढणारा एक माणूस त्या वावटळीत गेला.

आता कोणीतरी लिहिणारच, की आपले वणवे गवताचे, तिकडची जंगलं वेगळी. मान्य. प्रत्येक डोंगराखाली लेसरची गाडी उभी करता येणार नाही, तेही मान्य. उपग्रहावरून आगीचा मेसेज येतो, हेही चांगलंच. पण तो मेसेज आग कुठे लागली ते सांगतो. धूर कधी निजेल ते सांगत नाही! आणि २०२१च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर जिवानिशी गेले, ते आपल्याच महाराष्ट्रात ना? कुंभमेळ्यात गर्दी मोजायला आपण ड्रोन उडवतो. एक डोंगराकडे वळवायला काय हरकत आहे?

जाऊ दे, चिडून उपयोग नाही. गेल्या वर्षी त्र्यंबक रोडला बाबा भेटले. दोन वाक्यं बोलले की खोकायचे. आग विझवणाऱ्यांच्या कामाला २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगाला कारण ठरणाऱ्या कामांत धरलं. बाबांना कोण सांगणार? त्यांचा अख्खा जन्म रुमालावर गेला, आणि रुमालातून तो बारीक धूर आरपार जातो. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला त्या दिवशी कसं कळलं?" म्हणाले, "पोरा, धूर बोलतो. दिसला पाहिजे फक्त."

आत्ता साडेदहाला पुन्हा गच्चीवर जाऊन आलो. डोंगरावर लाल रेघ आहे, तिच्या वरच्या अंगाला बॅटऱ्यांचे तीन ठिपके हलताहेत. धूर उभा आहे की निजलाय, अंधारात काहीच दिसत नाही.