ऊब वरच्या मजल्यावर

हीटरचे पाचशे रुपये वेगळे, हे केबिन दाखवायला आलेल्या पोरानं आमच्या बॅगा खाली टेकवायच्या आधीच सांगितलं. रोजचे. हिमाचलातल्या जिभीत, जानेवारीत, बाहेर पारा शून्याला टेकलेला असताना हीटर ‘वेगळा’! मग खोलीच्या भाड्यात नेमकं काय धरलं होतं? छप्पर?

छप्पर मात्र भरपूर होतं. दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, मध्ये त्रिकोण. त्या त्रिकोणाची पुढची बाजू अख्खी काचेची, तीही एकेरी काच. फोटोत फार छान दिसते. खाली एक पलंग, वर शिडीनं चढायचा माळा आणि त्यावर गाद्या. आईचे गुडघे शिडीचं नाव काढू देत नाहीत, म्हणून ती खाली आणि सोबतीला मी. बायको आणि चिरंजीव वर.

हीटर लावला. थोड्या वेळानं माळ्यावरून बनियनवरचे चिरंजीव डोकावले, “बाबा, पंखा नाहीये का?” खाली आई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून हीटरकडे संशयानं बघत होती. गरम हवा हलकी, ती वर जाते, हे मी सातवीत पाठ केलं होतं. त्यासाठी पाचशे रुपये भरून प्रयोग करावा लागेल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यात दारावर थाप. शेजारच्या केबिनमधले काका. इचलकरंजीचे, सूतगिरणीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. भिंतीतून मराठी कुरकुर ऐकू आली म्हणून मदतीला आले होते, हातात घरून आणलेला थर्मामीटर.

“मी कुठंबी गेलो की ह्यो नेतोच,” काका म्हणाले. “हॉटेलवालं म्हणत्यात एसी 18 वर हाय, आणि आत बघावं तर 25. तुमचं काय हुतंय?”

मी सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंद हाच शब्द आहे.

“कागद-पेन घ्या. लिवा. जमीन, 8.”

मी लिहिलं. का लिहिलं, माहीत नाही. मग थर्मामीटर शिडीच्या पहिल्या पायरीवर. “पारा बसू दे की! घाई करू नका.” पारा बसेपर्यंत काका कमरेवर हात ठेवून उभे. मग दुसरी पायरी. मग तिसरी. प्रत्येक पायरीवर तेवढंच गांभीर्य. माळ्याच्या कठड्याशी पोचल्यावर त्यांनी माझ्या बायकोला “वहिनी, जरा सरका” म्हणून पांघरुणाबाहेर काढलं आणि घोषणा केली, “26! बघा, म्हंजे 18 डिग्रीचा फरक. म्हंजे वर मे महिना.”

या सगळ्या काळात काकू टॉर्च घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्यामुळे दार उघडं होतं. ते लावायचं मी तीनदा सुचवून पाहिलं. काकांनी खाली उतरून जमिनीचं रीडिंग पुन्हा घेतलं, 6 आलं, आणि ते खूश झाले. “फरक वाढतोय!”

दुपारी आम्ही चैहणी गाव बघून आलो होतो. तिथली जुनी घरं देवदाराची लाकडं आणि दगड यांचे थर एकावर एक रचून बांधलेली. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. गुरांच्या अंगची ऊब वर जाते आणि माणसं उबेत झोपतात. मी हे काकांना सांगण्याची चूक नव्हे, पण हौस केली. काकांनी क्षणभर विचार केला आणि पलंगावरच्या आईकडे बघून म्हणाले, “म्हंजे तुमच्यात खालचा मजला उलटा झालाय.” आईनं शाल नाकापर्यंत ओढून घेतली. तिनं ते ऐकलं होतं.

मग हीटरची पाळी आली. दोन हजार वॉटचा, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर ओढणारा. त्याचा जाड पिनांचा प्लग बसत नाही म्हणून तो तोडून उघड्या वायरी 6 अँपिअरच्या सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी ठासलेल्या. काका पहिल्यांदाच गप्प झाले. त्यात संध्याकाळचं व्होल्टेज. ते 230 वरून 180 वर आलं की हीच कांडी 1200 वॉटच्या आसपास तापते. पाचशे मात्र पाचशेच.

आम्ही पोराला बोलावलं. तो प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, “सर, अंगीठी रख दूँ? मस्त गरम हो जाएगा। सिर्फ दो सौ।”

इथं माझं हसू संपलं. बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळात दामनला केरळचे 8 पर्यटक असेच गेले, त्यांत 4 मुलं. तिथं खोलीत गॅसचा हीटर होता. मी पोरावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, “सर, सब लेते हैं।” त्याच्या स्वतःच्या घरी लोखंडी तंदूर आहे, म्हणजे लाकडं जाळायची बंद शेगडी, धुराडं छपरातून बाहेर काढलेली, हेही त्यानंच सांगितलं. पाहुण्यांच्या खोलीत धुराड्याच्या जागी दिव्यांची माळ आहे. काच पुसायला माणूस आहे. धोक्याची सूचना देणारं साधं यंत्र नाही, कारण ते फोटोत येत नाही.

शेवटी आईच म्हणाली, “अरे, सगळे खाली या ना, आणि त्या भोकाला ब्लँकेट लावा.” गाद्या खाली आल्या, कठड्याला दोन ब्लँकेटं बांधून माळा बंद केला. हीटर, काकांनी प्लग परत जोडून, नीट सॉकेट असलेल्या कोपऱ्यात, पांघरुणांपासून लांब, आणि झोपायच्या आधी बंद करायचा असं ठरलं. हळूहळू ऊब खाली साठली. चिरंजीव पुटपुटत झोपले. आईनं कानटोपी काढली. मी हीटर बंद करून डोळे मिटले.

दारावर थाप पडली.

“झोपला नाही ना?” काका. “ब्लँकेट लावल्यानंतरचं रीडिंग राहिलंय. दार जरा पूर्ण उघडा, काकू पण येतायत.”