हरलेलाच जिंकणार, हे कशावरून?

बॉक्सिंगवरच्या एका लेखात ‘पहिली लढत हरलेला चवताळून उतरतो, म्हणून रिमॅच (त्याच दोघांची पुन्हा लढत) त्याचीच’ असं गणित मांडलंय, ते काही पटलं नाही. चवताळून काय होतंय? आधी तो हरला कशामुळे ते बघा. २००१ मध्ये हसीम रहमानने लेनक्स लुईसला पाचव्या फेरीत आडवा केला, कारण लुईस तयारीत ढिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईसने चौथ्याच फेरीत हिशेब चुकता केला. ढिलाई सुधारता येते. २०१९ ला अँडी रुईझकडून हरलेल्या अँथनी जोशुआने तर रिमॅचमध्ये ठोसाठोशी करायचंच टाळलं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकायचा, बाजूला सरकायचं, बाराही फेऱ्या हेच. बघायला कंटाळवाणं, पण काम फत्ते! (रुईझ सुमारे १५ पौंड वाढवून आला होता, त्याची मदत झालीच.)

पण समोर युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकसारखा डावखुरा, पाय एका जागी न ठेवणारा असेल तर? जोशुआ आणि टायसन फ्युरी, दोघेही त्याच्याशी दुसऱ्यांदा लढले आणि दोघेही पुन्हा गुणांवर हरले. तिथे सुधारायला ढिलाई नव्हतीच, समोरचा सरस होता. मी तरी पहिल्या लढतीच्या शेवटच्या तीन-चार फेऱ्या पुन्हा बघतो. तिथे ज्याचे हात थकून खाली आलेले दिसतात, त्याच्यावर माझा भरवसा नाही.